गरोदरपणातील रक्तदाब आणि इतर गुंतागुंती: अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक आढावा

गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर, ज्या स्त्रीला पूर्वी रक्तदाबाचा त्रास नव्हता तिचा दाब किमान चार तासांच्या अंतराने दोनदा मोजला आणि दोन्ही वेळा तो १४०/९० किंवा त्याहून वर भरला, तर त्याला गरोदरपणात उद्भवलेला उच्च रक्तदाब म्हणतात. २० आठवड्यांच्या आधीपासूनच दाब वाढलेला असेल तर तो जुना रक्तदाब. वाढलेल्या दाबाबरोबर लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, फुफ्फुसे, मेंदू यांपैकी कशाचेही काम बिघडल्याची खूण दिसली, की तो प्रीएक्लॅम्पसिया होतो आणि त्यात झटके आले की एक्लॅम्पसिया. जुन्या रक्तदाबावर प्रीएक्लॅम्पसियाची भर पडणे हा आणखी एक प्रकार. तो सगळ्यांत फसवा म्हणावा लागेल, कारण दाब आधीच जास्त असल्याने नवीन काय बिघडले ते चटकन ध्यानात येत नाही. लघवीत प्रथिने असल्याखेरीज प्रीएक्लॅम्पसिया म्हणायचे नाही, असा दंडक बरीच वर्षे होता. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये तो सोडला, कारण काही स्त्रियांचे यकृत किंवा प्लेटलेट लघवीच्या आधीच बोलू लागतात.

या विकाराची खरी अडचण अशी की सुरुवातीला काहीच दुखत नाही. १५०/१०० दाब असलेली बाई पाणी भरते, भाकरी थापते, खुरपणीला जाते. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणे, उलट्या, धाप ही लक्षणे पुढची आहेत. ती दिसू लागली तेव्हा आजार बराच चढलेला असतो. पायांवरची सूज तर मुळीच भरवशाची खूण नाही. ती निरोगी गरोदरपणातही संध्याकाळपर्यंत येते. चेहरा आणि हात एकाएकी सुजले, अंगठी निघेनाशी झाली, आठवड्याभरात वजन एकदम वाढले, तर मात्र शंका घ्यावी. एरवी दाब वाढल्याचे सांगणारा साक्षीदार एकच: यंत्राची पट्टी.

जगभरातील मातामृत्यूंमध्ये रक्तस्रावाच्या खालोखाल रक्तदाबाच्या विकारांचा क्रमांक लागतो. साधारण सात मृत्यूंमागे एक या कारणाने होतो. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होत होते, तर देशाचा आकडा ९७ होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे आढळले. हे आकडे चांगले आहेत आणि त्यांनीच प्रश्नाचे स्वरूपही बदलले आहे. बहुतेक स्त्रिया दवाखान्यात पोचतात आणि तरीही काही दगावतात, याचा अर्थ बिघाड प्रसूतीच्या खोलीपेक्षा त्याआधीच्या महिन्यांत आणि त्यानंतरच्या दिवसांत शोधायला हवा.

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर, या शोधासाठी बोलके उदाहरण आहे. क्षेत्रफळाने तो राज्यात सर्वांत मोठा: १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. वायव्येला अकोले तालुका थेट सह्याद्रीत शिरतो. कळसूबाई, भंडारदरा, घाटघर हा महादेव कोळी आणि ठाकर वस्तीचा पावसाळी मुलूख आहे. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांवर संगमनेर, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी हा उसाचा, साखर कारखान्यांचा आणि खाजगी प्रसूतिगृहांचा पट्टा. दक्षिणेला आणि पूर्वेला पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड, पारनेर हे अवर्षणाचे तालुके. उत्तरेचा ऊस तोडायला हात लागतात आणि त्यांतले बरेच दक्षिणेच्या पाथर्डी-जामखेडकडून येतात. नगर शहरात जिल्हा रुग्णालय आहे, लोणीला प्रवरेचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे, विळद घाटातही वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण अकोल्याच्या डोंगरातून नगरचे जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून अधिक दूर पडते. त्या भागातल्या बाईला संगमनेर, लोणी किंवा नाशिक जवळ.

कारण आणि जोखीम

प्रीएक्लॅम्पसियाचे मूळ वारेत आहे. नेहमीच्या गरोदरपणात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतील नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्यांना रुंद, सैल करतात, म्हणजे वाढत्या बाळाला भरपूर रक्त मिळते. हे काम पहिल्या निम्म्या काळातच उरकते. काही स्त्रियांत ते अर्धवट राहते, रक्तवाहिन्या अरुंदच राहतात आणि वारेला रक्त कमी पडते. अशी वार आईच्या रक्तात काही द्रव्ये सोडते. बोस्टनमधील भारतीय वंशाचे संशोधक अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्यांतले एक प्रथिन ओळखून दाखवले. ते रक्तवाहिन्यांच्या अस्तराला निरोगी ठेवणाऱ्या वाढ-घटकांना बांधून टाकते. अस्तर बिघडले की रक्तवाहिन्या आखडतात, गळू लागतात. दाब चढतो, लघवीत प्रथिने उतरतात, मेंदूला सूज येते. बिघाड तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू झालेला असतो, दिसतो मात्र सातव्या-आठव्यात. वार बाहेर पडेपर्यंत आजार पुरता हटत नाही, ही गोष्ट यातूनच समजते. बाळंतपण हाच त्याचा अखेरचा इलाज.

पहिलटकरीण, अगदी कोवळे वय, पस्तिशीनंतरचे गरोदरपण, जुळे, लठ्ठपणा, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, आई-बहिणीला झालेला त्रास, दोन गरोदरपणांतील फार मोठे अंतर आणि सर्वांत ठळक म्हणजे आधीच्या खेपेला झालेला प्रीएक्लॅम्पसिया, ही जोखमीची कारणे. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत दिसले. ऊसतोडीच्या हंगामाला जाणाऱ्या कुटुंबांत वयात आलेली मुलगी गावी एकटी कशी ठेवायची, हा प्रश्न लवकरच्या लग्नाने सोडवला जातो. कोवळे वय, पहिले गरोदरपण आणि जन्माची रक्तक्षीणता हे तिन्ही मग एकाच देहात भेटतात.

जोखीम ओळखली की करण्यासारखे थोडे आहे, पण ते नेमके आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील मोठ्या चाचणीत जास्त जोखमीच्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले, तेव्हा मुदतीआधीच्या प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. उशिरा सुरू केलेल्या ॲस्पिरिनचा उपयोग नगण्य. वारेची मुळे रुजायच्या काळातच ते हवे. आहारात कॅल्शियम कमी असेल तर त्याच्या गोळ्यांनीही धोका कमी होतो. भारत सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा द्यायची असते. बेंगळुरू आणि टांझानियात झालेल्या, २०२४ मध्ये जाहीर झालेल्या चाचण्यांत रोजचे ५०० मिलिग्रॅमही १,५०० मिलिग्रॅमइतकेच काम करते असे दिसले. गोळ्यांचा भार कमी होण्याच्या दृष्टीने ही बातमी मोठी आहे. जेवणातले मीठ तोडण्याचा सल्ला मात्र अजून घरोघरी दिला जातो; प्रीएक्लॅम्पसिया टाळायला किंवा बरा करायला त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. आधीच अळणी भाकरी-भाजी खाणाऱ्या बाईची भूक तेवढी मरते.

मोजणी

रक्तदाब मोजणे सोपे वाटते, पण चुकीचे मोजणे त्याहून सोपे आहे. बाई उन्हातून चालत आली आणि लगेच पट्टी बांधली, पट्टी दंडाला अपुरी पडली, हात लोंबता राहिला, बोलता बोलता मोजले, तर आकडा दहा-पंधराने सहज हलतो. पाच मिनिटे बसू द्यावे, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीला, आणि वाढलेला आकडा आला तर पुन्हा मोजावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडून तपासणी होते. २०१६ पासून हे चालू आहे. त्या दिवशी गर्दी इतकी असते की पाच मिनिटांची बसकण पहिल्यांदा गळते. वरचे १२० आणि खालचे ८० असे गोल आकडे रकान्यामागून रकान्यात दिसले, तर ते मोजलेले आहेत की भरलेले, असा प्रश्न तपासणाऱ्याने विचारायलाच हवा.

पहिली मोजणी बारा आठवड्यांच्या आत का हवी, याला कारण आहे. गरोदरपणाच्या मध्यावर रक्तदाब निसर्गतःच थोडा उतरतो. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा आलेल्या बाईचा दाब १३०/८४ भरला तर तो तिच्यापुरता वाढलेला आहे की नेहमीचाच, हे सांगायला आधीचा आकडाच नसतो. जुना रक्तदाब असा मधल्या महिन्यांत लपतो आणि आठव्यात नवा म्हणून उगवतो. दुसरे कारण औषधांचे. आधीपासून टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिलसारख्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीच्या गोळ्या लगेच बदलाव्या लागतात, कारण त्या बाळाच्या मूत्रपिंडांना घातक आहेत.

लघवीच्या पट्टीची तपासणी दाबाच्या जोडीने प्रत्येक भेटीत व्हायला हवी. तिला फारसा खर्च नाही, वेळ मिनिटाचा. तरी दोहोंपैकी गळते ती हीच. उपकेंद्रात पट्ट्या संपलेल्या असणे किंवा नीट आडोसा असलेले स्वच्छतागृह नसणे, ही त्याची अगदी साधी कारणे.

झटक्यापर्यंत जाऊ न देणे

दाब १६०/११० किंवा त्यावर गेला की मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. अशा वेळी तो काही तासांत नव्हे, तासाभराच्या आत खाली आणायला सुरुवात करायची असते, पण एकदम फार खालीही नाही, नाहीतर वारेचे रक्त तुटते. शिरेतून द्यायची औषधे प्रत्येक ठिकाणी मिळत नाहीत. या अडचणीवर महाराष्ट्रातूनच उत्तर आले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालयात झालेल्या, २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८९४ स्त्रियांना निफेडिपिन, लॅबेटालॉल किंवा मिथिलडोपा यांपैकी एक औषध तोंडाने दिले गेले. सहा तासांत दाब आटोक्यात येण्याचे प्रमाण निफेडिपिनने ८४ टक्के, लॅबेटालॉलने ७७ आणि मिथिलडोपाने ७६ टक्के होते. तिन्ही गोळ्या स्वस्त, तिन्ही ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात राहू शकणाऱ्या. त्याच दोन रुग्णालयांत त्याआधी कळा आणण्याच्या दोन पद्धतींची तुलना झाली होती. प्रीएक्लॅम्पसियाच्या स्त्रियांत मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी गर्भाशयमुखात ठेवायच्या फोलीच्या फुग्यापेक्षा चोवीस तासांत जास्त बाळंतपणे झाली. या विषयातले जगाच्या कामी येणारे ज्ञान सरकारी वॉर्डातही तयार होते, हे नागपूरने दाखवले.

झटके रोखण्याचे औषध मॅग्नेशियम सल्फेट, परिचारिकांच्या बोलण्यात मॅगसल्फ. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीने डायझेपाम आणि फेनिटॉइन या दोन्हींपेक्षा ते सरस ठरवले. २००२ च्या मॅग्पाय चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांमध्ये त्याने झटक्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आणले. आपल्याकडच्या सूचनांनुसार प्रशिक्षित आरोग्यसेविका दोन्ही नितंबांत प्रत्येकी पाच ग्रॅम, असा पहिला डोस देऊन मगच रुग्णाला पुढे पाठवू शकते. पुढचे डोस देताना गुडघ्याची उडी, श्वासाचा वेग आणि लघवीचे प्रमाण पाहावे लागते. जास्त झाल्यास उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवायचे. औषध जुने, स्वस्त, अक्षरशः क्षार. तरीही अनेक ठिकाणी पहिला डोस न देताच गाडीत घातले जाते, आणि याला कारण बहुतेक वेळा भीती असते: मार्गात श्वास थांबला तर जबाबदारी कोणाची. या भीतीवर परिपत्रकाने इलाज होत नाही. जिच्यासमोर कोणी डोस दिला आणि बाई जगली, तीच परिचारिका पुढच्या वेळी हात उचलते.

झटका घरीच आला तर कुशीवर झोपवावे, तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही घालू नये, आणि १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. बाहेरची बाधा समजून आधी देवऋषीकडे नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

हेल्प सिंड्रोम हा या आजाराचा सर्वांत भीषण चेहरा. रक्तपेशी फुटतात, यकृताची विकरे वाढतात, प्लेटलेट कोसळतात. १९८२ मध्ये अमेरिकेतील लुईस वाइनस्टीन यांनी त्याला स्वतंत्र ओळख दिली. पोटात उजवीकडे दुखणे आणि उलट्या, म्हणून त्याला पित्त किंवा कावीळ समजून गोळ्या दिल्या जातात. आठव्या-नवव्या महिन्यातल्या ‘पित्ता’ची तक्रार असलेल्या बाईचा दाब आणि प्लेटलेट तपासल्याशिवाय तिला घरी पाठवणे धोक्याचे.

बाळंतपण कधी करायचे, हा निर्णय दाब, आईची स्थिती आणि बाळाचे आठवडे पाहून होतो. सौम्य असेल तर ३७ आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबतात. तीव्र असेल आणि ३४ आठवडे झालेले असतील तर थांबत नाहीत. त्याआधी वेळ मिळाला तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोनची इंजेक्शने दिली जातात. प्रत्येक वेळी सिझरच करावे लागते असे नाही.

इतर गुंतागुंती

रक्तदाबाच्या जोडीने या जिल्ह्यात पहिली नोंद घ्यावी लागते रक्तक्षयाची. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे तीव्र. राष्ट्रीय पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातील जवळपास ४६ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. रक्तक्षय एकटा मारतो क्वचित. तो दुसऱ्या संकटाचे दार उघडून ठेवतो. बाराचे हिमोग्लोबिन असलेली बाई अर्धा लिटर रक्त गेले तरी सावरते, सहाचे असलेली नाही. लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात, पण काळी शी, मळमळ आणि ‘गोळीने बाळ मोठे होते, बाळंतपण जड जाते’ या समजुतीने त्या डब्यात राहतात. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्याच वेळी घेतलेली लोहाची गोळी फारशी लागू पडत नाही, हे सांगायचेही राहून जाते. गोळ्या मानवत नसतील तर शिरेतून लोह देता येते. सातव्या महिन्यानंतर वेळ कमी उरलेला असताना तोच मार्ग शहाणपणाचा.

रक्तस्राव हे मातामृत्यूचे पहिले कारण. बाळंतपणानंतर गर्भाशय आकुंचन पावले नाही की मिनिटामिनिटाला रक्त जाते. प्रत्येक बाळंतिणीला बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिन द्यायचे असते. पण ते थंड ठेवावे लागते. जिथे ते जमत नाही तिथल्यासाठी बेळगाव जिल्ह्यात झालेली चाचणी मोलाची ठरली. आरोग्यसेविकांनी १,६२० स्त्रियांच्या बाळंतपणात मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या किंवा नुसत्या साध्या गोळ्या दिल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जास्त रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलेले दिसले. रक्तदाब वाढलेल्या बाईला रक्तस्राव थांबवायला मेथर्जिन देऊ नये, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. त्या इंजेक्शनाने दाब आणखी उसळतो. कार्डावर दाबाची नोंद नसेल तर रात्री ड्युटीवर आलेल्या परिचारिकेला हे कळणार कुठून?

बाळ जन्मण्याआधी वार सुटणे ही प्रीएक्लॅम्पसियाचीच सख्खी बहीण म्हणता येईल: पोट लाकडासारखे कडक, दुखणे, कधी बाहेर रक्त दिसते तर कधी सगळे आतच साठते. याउलट वार खाली असेल तर रक्त न दुखता जाते. दोन्हींत घरी थांबायचे नसते.

मधुमेहाची तपासणी राष्ट्रीय सूचनांनुसार उपाशी नसतानाही करता येते: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजायचे, दोन तासांनी साखर १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. बहुतेकींना आहार आणि चालणे पुरते, काहींना मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन लागते. कालव्याच्या पट्ट्यात असो की कोरडवाहूत, बैठे काम वाढले तिथे याकडे डोळेझाक परवडणारी नाही, आणि मधुमेह असलेल्या गरोदर स्त्रीत प्रीएक्लॅम्पसियाही जास्त होतो.

रक्तगट निगेटिव्ह असलेल्या मातेला २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन लागते. मूत्रमार्गाचा संसर्ग, थायरॉइड, मुदतीआधीच्या कळा, पोटात बाळाची वाढ खुंटणे ही यादी लांबते. त्यातली वाढ खुंटणे आणि मुदतीआधीचे बाळंतपण बऱ्याचदा पुन्हा वाढलेल्या दाबापाशीच येऊन थांबतात.

तुटणारी नोंद

एका गावात राहणाऱ्या, एकाच उपकेंद्रात जाणाऱ्या बाईसाठी आजची व्यवस्था बऱ्यापैकी पुरते. ती कोलमडते ती स्थलांतरात. उसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, चालतो. ज्येष्ठाच्या सुरुवातीला जिला दिवस गेले, ती कारखान्यावर निघते तेव्हा साधारण वीस आठवड्यांची असते. दाब वाढण्याचा सगळा काळ ती फडात काढते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. ती थांबली तर अर्धा कोयता, खाडा, आणि आगाऊ घेतलेली उचल तशीच अंगावर. म्हणून मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टर भरण्याचे काम आठव्या महिन्यापर्यंत चालते. कोप्यांची वस्ती आज एका गावाच्या शिवारात, महिन्याने दुसऱ्या. जिथे ती आहे तिथल्या आशा कार्यकर्तीच्या यादीत तिचे नाव नाही आणि जिच्या यादीत नाव आहे ती आशा दीडशे किलोमीटर लांब. माता व बाल संरक्षण कार्ड गावच्या घरी राहिले असेल तर तिचे मागचे पाच महिने कोणालाच ठाऊक नाहीत.

दुसरे स्थलांतर सुखाचे आहे, म्हणून कोणी त्याला स्थलांतर म्हणत नाही. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि मुलगी माहेरी येते. पहिलटकरणीत प्रीएक्लॅम्पसिया जास्त आणि तो सातव्यानंतरच दिसू लागतो, हे लक्षात घेतले तर चालत आलेली रीत नेमक्या त्याच क्षणी नोंद तोडते. सोनोग्राफीचे कागद पिशवीत असतात. दाबाचे आकडे सासरच्या उपकेंद्राच्या वहीत. माहेरचा डॉक्टर नव्याने सुरुवात करतो. रीत मोडायचे कारण नाही, कार्ड मात्र बाळंतविड्याच्या आधी पिशवीत गेले पाहिजे.

नोंदीची तिसरी तूट रुग्णाच्या पाठवणीत. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा, अशी बाई सरकवली जाते आणि प्रत्येक टप्प्यावर चिठ्ठी छोटी होत जाते. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूमागचे तीन उशीर मांडले: निर्णयाचा, पोचण्याचा आणि पोचल्यावर उपचार मिळण्याचा. अकोल्याच्या वाडीत पहिले दोन जड असतात. शहरालगतच्या बाईला तिसरा.

बाळंतपणानंतर लक्ष बाळाकडे वळते. दाब मात्र बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जाऊ शकतो, तोवर बहुतेकींना घरी सोडलेले असते. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरी होणाऱ्या बाळंतपणांचा अभ्यास केला, तेव्हा निम्म्याहून अधिक स्त्रियांना बाळंतपणात किंवा नंतरच्या दिवसांत काही ना काही आजार झाल्याचे आढळले, त्यांतले बरेच नंतरच्या दिवसांतले. त्याच संस्थेच्या कामातून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत पुढे आली आणि आज आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. ती बाळाचे वजन घेते. आईचा दाब घेण्यासाठी यंत्र तिच्याकडे असतेच असे नाही. ज्यांना प्रीएक्लॅम्पसिया झाला होता त्यांच्यात पुढच्या आयुष्यात रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात अधिक आढळतो, तेव्हा ही तपासणी सहा आठवड्यांवर संपतही नाही.

जामखेडचा अनुभव

ही तुटलेली नोंद जोडायची कशी, याचे एक उत्तर जिल्ह्यातच पन्नास वर्षांपूर्वी दिले गेले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आले आणि त्यांनी समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी मुलूख, डॉक्टर टिकत नाहीत, प्रशिक्षित परिचारिकाही खेड्यात राहायला तयार नाहीत. त्यांनी गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर किंवा जेमतेम शिकलेल्या, अनेकदा दलित समाजातल्या स्त्रियांना ग्रामआरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, गावची हकीकत सांगत आणि परत जात. कोणाला दिवस गेले, कोण सुजली, कोणाच्या कळा लांबल्या हे त्यांना आधी कळे, कारण त्या त्याच गावच्या. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये गरोदरपणात तपासणी झालेल्या स्त्रिया अर्धा टक्का होत्या, १९७६ पर्यंत त्या ८० टक्क्यांवर गेल्या. त्याच काळात हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बालके १७६ वरून ५२ वर आली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या ग्रंथात जामखेडचे प्रकरण आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडचे सगळे जसेच्या तसे उचलता येणार नाही. तिथे एक ध्येयवेडे कुटुंब होते, आणि सरकारी यंत्रणेला तसे कुटुंब नेमता येत नाही. आशा योजनेने त्या कल्पनेचा सांगाडा देशभर नेला, पण दर आठवड्याचे शिक्षण आणि गावाची निवड हे त्यातले दोन भाग वाटेत हलके झाले. रक्तदाबाच्या बाबतीत निदान एवढे स्पष्ट आहे की दाब मोजायला, लघवीची पट्टी पाहायला आणि पहिल्या डोसाला हुशारीपेक्षा सराव लागतो, आणि सराव वरचेवर शिकवल्यानेच टिकतो. प्रत्येक आशेला गरोदर स्त्रियांसाठी पारखलेले डिजिटल यंत्र, टोळी निघण्याआधी मुकादमाच्या यादीतील गरोदर स्त्रियांची तपासणी, आणि कारखान्याच्या हद्दीतील आरोग्य केंद्रात त्यांच्या नावांची आगाऊ पोच, या तीन गोष्टी जिल्हा परिषद आणि साखर कारखाने मिळून या हंगामापासून सुरू करू शकतात. त्यांना नव्या संशोधनाची गरज नाही. ज्या घरात गरोदर बाई आहे त्या घराने मात्र तोवर थांबू नये: कार्ड तिच्याबरोबर ठेवावे, दर महिन्याला आणि सातव्यानंतर दर पंधरवड्याला दाब मोजून आकडा त्यावर लिहून घ्यावा, आणि तो १४०/९० झाला की दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.